सतीच्या हाताची दिशा

नोकरीत हाताखालून गेलेली बरीचशी प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या चोरीत कोण सापडला आणि कुठल्या मारामारीत कोणाचे डोके फुटले, हे मला नक्की सांगता यायचे नाही. दगडावर कोरलेल्या एका हाताचे प्रकरण मात्र जसेच्या तसे डोळ्यांपुढे आहे. त्यातल्या कोणाचेही नाव मी देणार नाही. ती माणसे गुन्हेगार नव्हती, आणि त्यांच्या घरात आज नातवंडे खेळत असतील.

महायुद्ध संपून पलटणीतली माणसे गावोगाव परतू लागली होती. मी तेव्हा तासगावच्या बाजूला एका ठाण्यात फौजदार होतो. बेचाळीसनंतरच्या त्या वर्षांत आमच्या भागात खाकीला कोणी पाणी विचारत नसे, आणि त्याबद्दल मी लोकांना दोषही देत नाही. आम्ही गावात शिरलो की बायका दारे ओढून घेत आणि बाप्ये पारावर बसून आम्ही दिसतच नाही असे वागत. म्हणूनच एक म्हातारी एकटी चालत आली आणि ठाण्याच्या पायरीवर बसली, तेव्हा ठाणे अंमलदाराने हातातली लेखणी खाली ठेवली.

"काय काम आहे, आजी?"

"मोठा सायब हाय का? हाय तर त्येलाच सांगीन. तुला न्हाई."

अंमलदार माझ्या बापाच्या वयाचा होता. त्याने मुकाट्याने तिला आत आणले. खुर्ची दिली तर ती भुईवरच बसली.

"माझा थोरला ल्योक अन धाकट्याची बायकू काल सकाळधरनं घरात न्हाईत," ती म्हणाली. "बाजारला जातू म्हनून गेली. बाजार कालच उठला. पोरगीला काय झालं तर मी काय तोंड दावू धाकट्याला?"

हकिगत अशी होती. म्हातारीचे दोन्ही मुलगे पलटणीत होते. थोरला नाईकाच्या हुद्द्यापर्यंत चढला. मीही त्याला इथे नाईकच म्हणतो. धाकट्याला भरती करायला त्यानेच नेले होते. नाईक लढाईवरून धड परत आला. धाकटा बेपत्ता असल्याचे सरकारातून कळले, पुढे काहीच कळले नाही. मेला म्हणावे तर कोणी सांगत नाही, जिता म्हणावे तर येत नाही. त्याची बायको कुंकू लावून, हातात हिरवा चुडा घालून सासूपाशी राहत होती.

म्हातारीपाठोपाठ गावचा पाटील धापा टाकत आला. मला व्हरांड्यात बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाला, "सायब, कशाला कागद काळं करताय? थोरल्याची बायकू मरून गेल्याली, धाकट्याचा पत्ता न्हाई. दोघं एका घरात. काय झालं असंल ते काय आमी तुमाला सांगाय पायजे व्हय?"

म्हातारीचे कान तिखट होते. ती आतूनच कडाडली, "पाटील, आरं लाज वाटू दे जरा! ल्योक माझा हाय, अन सून माझ्या पोटच्या पोरीवानी हाय. पळून जायाचं असतं तर माझ्या पायावर डोस्कं ठेवून गेली असती का ती?"

पाटील बिचारा पागोटे सारखे करत बसला. मी एवढेच ध्यानात घेतले की गावाने या दोघांचा निकाल लावून टाकला आहे, आणि म्हणून त्यांना शोधायला कोणी घराबाहेर पडलेले नाही. बाईच्या बाबतीत गाव असा निकाल फार लवकर लावते. मी खबर नोंदवून घेतली आणि म्हातारीला विचारले, "घरी इतक्यात कोणी नवा माणूस येत होता का?"

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "एक अंजनवाला येत हुता. कानडी मुलखातला. माझी सून पायाळू हाय, सायब."

तरुण वाचकांसाठी सांगतो. जन्मताना ज्याचे पाय आधी येतात तो पायाळू. पायाळू माणसाच्या डोळ्यांत मंत्रवलेले अंजन घातले की त्याला जमिनीखालचे धन दिसते, हरवलेले माणूस दिसते, अशी आमच्याकडे समजूत होती. ती पुसली गेली असे मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही. गुप्तधनाच्या नादी लागलेले लोक पायाळू माणूस शोधत हिंडत. बळी दिल्याच्या अफवा तर दर वर्षी उठत. बहुतेक खोट्या असत, पण सगळ्याच खोट्या नसत. त्यामुळे 'पायाळू' हा शब्द ऐकताच मी पुढचा प्रश्न विचारला.

"आणि गेल्यापासून घरातले काय नाहीसे झाले आहे?"

"नाईकाचा पलटणीचा कोट खुंटीवर न्हाई. उनाचं दिस, कोट कशाला घालंल त्यो?"

हा धागा चांगला होता. असा कोट घेऊन निघालेला परका माणूस शोधायला मी शिपायांना मोटार स्टँडवर पाठवले. जेवणवेळेच्या आत ते एका माणसाला घेऊन आले. कपाळाला भस्म, गळ्यात माळा, आणि भर उन्हात अंगात जाडजूड खाकी कोट. मिरजेच्या सर्व्हिस मोटारीची वाट बघत तो घामाने निथळत होता, पण कोट काढायला तयार नव्हता. त्याच्या उजव्या हाताचे बोट काळेकुट्ट होते.

चौकशीची माझी पद्धत साधी होती. आधी चहा. मार खाल्लेला माणूस आपल्याला हवे ते बोलतो, चहा प्यालेला माणूस त्याला हवे ते बोलतो, आणि त्यातच खरे सापडण्याचा संभव जास्त. अंजनवाल्याने बशी संपवली, तोंड पुसले आणि सुरुवातीलाच हात झटकले.

"मी फक्त अंजन दिलं, रावसाहेब. त्येच्या बदल्यात नाईकानं ह्यो कोट दिला. जागा काढणं माझं काम न्हवं. दगड नाईकानं वाचला."

"कुठला दगड?"

"त्यांच्या गावातला सतीचा हात. नाईक लई हुशार. पलटणीत नकाशा शिकलाय. म्हनला, ही कोरीव खूण म्हंजी जुन्या लोकांचा नकाशाच हाय. सूर्य कोरलाय ती बाजू उगवतीला धरायची, कोपर दावंल तिकडं जायाचं, बांगड्यांवरनं अंतर काढायचं. सती दावंल तिथं खनायचं."

"तू बरोबर का गेला नाहीस?"

"धन निघताना अंजन देणाऱ्यानं तिथं थांबायचं नसतंय. तसा नियम हाय."

नियम चांगला होता. धन निघत नाही तेव्हा मार खायलाही तिथे थांबावे लागत नाही. मी हसलो, आणि तोही हसला. मग मी सहज विचारले, "त्यांना आणखी काय सांगितलेस?"

"त्येच नेहमीचं. तोंड उघडल्याव आत कंदील सोडायचा. कंदील विझला तर समजायचं की आत राखणदार हाय, त्येचा फुत्कार बसला. तिथं दुसऱ्या कुनी उतरायचं न्हाई. पायाळूनंच उतरायचं."

माझे हसू जागच्या जागी विरले.

सांगलीच्या बाजूला नोकरी केलेल्या कोणाही माणसाला पेव माहीत असते. हळद, जोंधळा साठवायची जमिनीतली खोल कोठी. तोंड माणूस जाईल एवढेच, आत खोली. पेव बरेच दिवस बंद राहिले की आतली हवा मारक होते. म्हणून उघडल्यावर हमाल ते दिवसभर तसेच ठेवतात, मग दोरीला बांधून पेटता कंदील सोडतात. कंदील विझला तर कोणी पाऊल ठेवत नाही. घाईने उतरलेल्या एका हमालाचा पंचनामा मी स्वतः केला होता. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, बसल्या जागी झोपल्यासारखा गेला होता. आणि हा माणूस त्याच विझलेल्या कंदिलावर एका बाईला आत उतरायला सांगून आला होता. आयुष्यात फार थोड्या वेळा मला माझ्या हाताला आवर घालावा लागला आहे. त्यातली ती एक वेळ.

त्याला कोठडीत घातले. पाटलाला पुढे घालून, शिपाई घेऊन मी घोडे त्या गावाकडे काढले.

सतीचा हात मारुतीच्या देवळाशेजारी होता. कमरेइतका उभा दगड. त्यावर एका खांबातून बाहेर आलेला बाईचा हात, कोपरात वाकलेला, पंजा वर केलेला, मनगटात कोरीव बांगड्या. वर एका अंगाला सूर्य, दुसऱ्या अंगाला चंद्रकोर. असे दगड आमच्या मुलखात वेशीवेशीला आहेत. त्यांचा अर्थ कुठल्याही म्हाताऱ्या बाईला विचारावा. नवऱ्यामागे गेलेल्या बाईचा तो हात. बांगड्यांसकट गेली म्हणून हातात बांगड्या, आणि चंद्रसूर्य असेतो तिची आठवण राहावी म्हणून वर चंद्रसूर्य. यात धनाचा काही संबंध नाही. मला तर तो वर केलेला पंजा पाहून चौकातला आमचा शिपाईच आठवला. तो हात 'थांब' म्हणत होता, आणि लोक त्यात 'ये' वाचत होते.

पण दगडाचा खरा अर्थ कळून मला त्या दिवशी काडीचा उपयोग नव्हता. नाईकाला जो अर्थ लागला तो मला हवा होता. चुकीचा असला तरी तोच मला त्या दोघांपर्यंत नेणार होता.

कोपर मावळतीकडे होते. मी शिपायांना त्या दिशेने पसरवले. सरळ एका तुरीच्या शेतात गेलो. तिथे धनाच्या आशेने पूर्वी कोणी कोणी खणलेले जुने खड्डे होते, त्यांत गवत माजले होते. ताजी माती कुठेच नव्हती. शेतकरी बांधावर उभा राहून म्हणाला, "सायब, तुमी बी त्यातलंच व्हय? खना गड्या, खना. नांगरट तरी फुकट हुईल." शिपाई खाली मान घालून हसले. मला हसू येत नव्हते. उन्हे कलत होती.

मी देवळापाशी परत आलो आणि दगडाकडे पुन्हा पाहिले. अंजनवाला म्हणाला होता, सूर्याची बाजू उगवतीला. इथे सूर्य मावळतीला होता. पलटणीत होकायंत्र हाताळलेला माणूस एवढी चूक करील? दगडाच्या बुडाला चुना-विटांचे बांधकाम होते, आणि ते काही फार जुने दिसत नव्हते.

"पाटील, हा दगड पहिल्यापासून इथेच आहे?"

पाटील म्हणाला, "न्हाई बा. वढ्याच्या उताराला चिंचंखाली हुता. गाड्यांचा रस्ता रुंद केला तवा उचलून हितं आनला. लढाई चालू हुती तवाची गोष्ट."

"म्हणजे नाईक गावात नव्हता तेव्हा."

"कुठला? त्यो तिकडं लढाईव."

सगळे लख्ख झाले. गावातले बाकीचे धनवेडे दगड आज उभा आहे तिथून खणत होते. नाईकाने मात्र लहानपणी पाहिलेली जागा धरली होती. दगड हलवल्यावर हाताच्या दिशेला अर्थ उरत नाही, हे त्याच्या शिस्तीच्या डोक्याला बरोबर कळले होते. एवढा नेटका विचार आणि एवढ्या खुळ्या कामासाठी! मला त्याचा रागही आला आणि कीवही आली.

ओढ्याच्या उतारावर चिंचेखाली गेलो. तिथे जमिनीत ताजी खुंटी ठोकलेली होती. थोड्या अंतरावर दुसरी. दोन्हींची रेघ धरली तर ती ओढा ओलांडून नीट उगवतीला, जुन्या पांढरीकडे जात होती. पांढर म्हणजे पूर्वी गाव वसले होते ती उजाड जागा. आता तिथे बाभळी आणि खापरांचे तुकडे. ओढ्यापलीकडे आमची हद्दही संपत होती. तिथून संस्थानची हद्द सुरू.

जमादार दबकत म्हणाला, "साहेब, संस्थानच्या फौजदाराला चिठ्ठी पाठवायला पाहिजे."

मी म्हणालो, "पाठवा. चिठ्ठी चालत जाऊ दे, आपण पळत जाऊ."

पांढरीच्या टोकाशी बाभळीखाली ती आम्हाला दिसली. भुईवर बसलेली, दोन्ही टाचा एका दगडाला टेकवलेल्या, दोर कमरेला आणि मनगटांना गुंडाळलेला. दोराचे दुसरे टोक भुईतल्या काळ्या तोंडात ताणून गेले होते. डोळ्यांतले काजळ गालांवरून हनुवटीपर्यंत ओघळले होते. मनगटांतून रक्त येत होते. ती ओरडत नव्हती. ओरडून तिचा घसा केव्हाच बसला होता.

"भावजी हायत आत," ती कुजबुजल्यासारखी म्हणाली. "बोलत न्हाईत. सोडला तर खाली जातील. वर येत न्हाईत."

शिपायांनी दोर धरला. नाईक काखेत दोर बांधलेला असा वर आला. मान टाकलेली, ओठ निळे. उघड्यावर पालथा घालून, पाठ चोळून, तोंडावर पाणी मारून बऱ्याच वेळाने त्याने श्वास ओढला, तेव्हा जमादाराने देवाचे नाव घेतले. आदल्या दिवसापासून खणत त्यांनी त्या दुपारी पेवाचे तोंड उघडले होते. कंदील विझला तेव्हा ती उतरायला उठली होती. नाईकाने तिला उतरू दिले नाही. "तुला काय झालं तर मी कुठं तोंड लपवू," म्हणून स्वतः दोर बांधून उतरला. उतरता उतरताच त्याची शुद्ध गेली. तिने दोर सोडला असता तर तो तळाला जाऊन कायमचा झोपला असता. तिने त्याला तोंडाशी, जिथे थोडी बाहेरची हवा लागत होती तिथे, धरून ठेवले. किती वेळ ते तिलाही सांगता आले नाही. तेवढ्या ताकदीची बाई ती दिसतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी पेवातली हवा खेळती झाल्यावर, संस्थानच्या फौजदारासमक्ष, पंचांना घेऊन आम्ही आत कंदील सोडला. तो पेटता राहिला. तळाला कुजलेल्या भुशाचा थर होता. त्यापलीकडे पंचनाम्यात लिहिण्यासारखे काही नव्हते. हद्द ओलांडल्याबद्दल माझ्याकडे वरून खुलासा मागितला गेला, तो मी दिला.

नाईकाचा जबाब मी त्याच्या खाटेशी बसून घेतला. तो पडून राहायला तयार नव्हता. मी गेलो की उठून सावधान उभा राहायचा. शेवटी मला हुकूम द्यावा लागला, "नाईक, बैठ जाव." तेव्हा बसला.

"साहेब, धाकट्याला मी नेला भरतीला," तो म्हणाला. "आई न्हाई म्हनत हुती. मी म्हनलं, मी हाय की संगं. अन तितं आमाला येगयेगळ्या पलटणी दिल्या. आता त्याची बायकू माझ्यासमोर ताट वाढती अन एक शबूद बोलत न्हाई. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कायतरी द्यावं म्हनलं तिच्या हातात. माझ्याकडं दुसरं काय हाय?"

मी लिहिता लिहिता थांबलो. फसवला गेलेला माणूस लोभीच असतो, असे आम्ही पोलीस सोयीने धरून चालतो. या माणसाला स्वतःसाठी काही नको होते.

मग त्या बाईचा जबाब. दोन्ही हातांना फडकी बांधलेली, मान खाली.

"तुला कोणी जबरदस्तीने नेले का?"

"न्हाई. मी आपखुशीनं गेले."

"धनासाठी?"

तिने पहिल्यांदा वर पाहिले. "धन घिऊन काय करू, सायब? अंजनात हरवल्यालं मानूस दिसतं म्हनं. त्यो अंजनवाला म्हनला, आधी धन बघ, मग हवं ते बघ. भावजींना मी ह्ये बोलले न्हाई. त्यांना वाईट वाटलं असतं."

"आणि दिसले का काही?"

"डोळं झोंबलं लई. दुसरं काय न्हाई." मग म्हणाली, "जल्मल्यापासनं समदी म्हनत आली, पायाळू हाय, हिला दिसतंय. मला कवाच काय दिसलं न्हाई, सायब. एकदा तरी दिसाय पायजे हुतं."

जबाबाखाली अंगठा घेताना फडके बाजूला करावे लागले. तेव्हा माझ्या ध्यानात आले की तिच्या मनगटात एकही बांगडी नव्हती. दोराच्या ओढीत साऱ्या पिचल्या होत्या. जखमांत हिरव्या काचेचे कण रुतले होते.

म्हातारी बाहेर पायरीवर थांबली होती. सून बाहेर आली तशी तिने आधी तिचे तोंड कुरवाळले. मग तिची नजर मनगटांवर गेली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. मोकळे हात. ते काय सांगतात हे ठाण्यातल्या शिपायालाही माहीत होते.

म्हातारीने विचारले, "दिसला का गं माझा बाळ?"

सुनेने एकदा माझ्याकडे पाहिले. माझ्या टेबलावर तिच्या अंगठ्याची शाई अजून वाळायची होती.

"दिसला, आत्याबाई," ती म्हणाली. "लांब हाय. पर बरा हाय."

"बरा हाय न्हवं? मग झालं तर." म्हातारीने तिचा हात धरला आणि तिला ओढतच समोरच्या मणेराच्या बांगड्यांच्या दुकानात नेले. "चाचा, भर बाबा पोरीला चुडा. हिरवा. दोरानं वाढल्यात बांगड्या, दुसरं काय न्हाई." म्हातारा मणेर काही न विचारता पुढे सरकला. जखमेला लागू नये म्हणून त्याने आधी फडके नीट केले, आणि एकेक बांगडी फुंकर मारल्यासारखी हलक्या हाताने चढवू लागला.

म्हातारी पदराची गाठ सोडत माझ्यापाशी परत आली. चुड्याचे पैसे काढता काढता ती दबक्या आवाजात म्हणाली, "सायब, तिला काय दिसलं न्हाई. ठावं हाय मला. तुमी तिला सांगू नगा, मला कळलं म्हनून. तिनं माझ्यापायी म्हनलं ते. तेवढं तरी असू दे तिच्यापाशी."

अंजनवाल्यावर फसवणुकीचा खटला झाला. नाईकाला मी समज देऊन सोडले आणि तो खाकी कोट मुद्देमालातून सुटल्यावर त्याला परत केला. धाकट्याचे पुढे काय झाले ते मला कळले नाही, कारण माझी बदली साताऱ्याला झाली. जाण्यापूर्वी त्या गावावरून गेलो तेव्हा मारुतीशेजारची जागा रिकामी होती. नाईकाने चार माणसे घेऊन दगड चिंचेखाली मूळ जागी नेऊन उभा केला होता, सूर्य उगवतीला. कोणीतरी त्या कोरीव हाताला ताजे कुंकू लावले होते. पुढे अनेक गुप्तधनाची प्रकरणे माझ्याकडे आली. प्रत्येक वेळी मी आरोपीला पहिला प्रश्न हाच विचारला, की तुझे हरवले काय आहे.